वानखेडे सरांचा भाचा

वानखेडे सर गेल्याचं मला वर्ध्याच्या बसस्टँडवर कळलं. सांगणारा ओळखीचाच होता. "तुहे मामा गेले ना बे," म्हणाला. ते माझे मामा नव्हते. पण त्या क्षणीही ते सांगणं मला जमलं नाही...

देवळीहून कॉलेजला आलेला आमच्या घरातला मी पहिलाच. टायपिंग आलं तर नोकरी लागते एवढं ऐकून होतो, पण फी झेपणारी नव्हती. शहरातल्या सगळ्या टायपिंग इन्स्टिट्यूटवाल्यांनी संघटनेत बसून एकच फी बांधली होती. कुणी कमी घेतली, तर परीक्षेच्या दिवशी त्याला बाकीच्यांनी मशीन उसनं द्यायचं नाही, असा ठरावच होता. सूट फक्त नात्यातल्या मुलांना. वानखेडे सरांच्या इन्स्टिट्यूटमध्ये फी विचारायला गेलो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "कोनी पुसलं त वानखेडेचा भाचा आहो म्हनजो. अन् मले सर नोको म्हनू, मामाजी म्हन."

यंदा बी.कॉम.ला मक्तेदारीविरोधी कायदा शिकलो. धंद्यातल्या लोकांनी मिळून असे दर बांधणं त्या कायद्याला मान्य नाही, हे वाचून मी धावतच सरांकडे गेलो. मीटिंगमध्ये तुम्ही बोलाच, म्हणालो. ते रिबन बदलत होते.

"कायदा दिल्लीत रायते बाबू. संघटना समोरच्या गल्लीत." मग शाईची बोटं पुसत हळूच म्हणाले, "अन् ठरावावर माही सही हाये. सही करून मांगच्या दारानं तोडून राह्यलो मी. कोन्या तोंडानं बोलू?"

मला फार लाज वाटली. ज्या सवलतीसाठी त्यांनी मान खाली घातली होती, तिच्याच जोरावर तर माझी बोटं मशीनवर चालत होती. पुन्हा मी तो विषय काढला नाही.

सरांच्या तेरवीच्या जेवणाला संघटनेचे सेक्रेटरी भेटले. मी भाचा नाही, हे त्यांना सांगून टाकलं. ते हसले. "मालूम हाये. माह्या इन्स्टिट्यूटमंदी बी दोन पुतने होते असेच. आमच्यातल्या एकाजवळ त साळ्यायची पलटन होती."

"मग ठराव काऊन ठेवला?"

"आधी कोन बोलन? जो तो दुसऱ्याले भेत होता." त्यांचं हसू ओसरलं. "वानखेडे मात्र दाराजवळच्याच खुर्चीवर बसत. ठराव वाचला का खाली पाहत. आमाले वाटे, घरी जायाची घाई हाये..."

परवा त्या ठरावाबद्दल बोलायला संघटनेच्या खोलीत गेलो होतो. ती खुर्ची अजून दाराजवळच आहे. सेक्रेटरी मला तिच्यावर बसा म्हणाले. मी उभाच राहिलो.