डोळ्यांनी पाहिलेली शिफारस

आमच्या हिच्या कडेगावच्या मामांनी मनावर घेतलं, तर सूर्य रोज वेळेवर उगवतो असा दाखला ते चार जाणत्यांकडून लिहून आणतील, आणि तो वाचून सूर्याबद्दल आपलंच मत सुधारेल. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते उसात रमले, पण माणसाची पारख शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून करायची सवय काही सुटली नाही. म्हैस घ्यायची झाली तरी म्हशीकडे ते शेवटी बघतात, आधी मालकाच्या शेजारणीला विचारतात, "धारंला लाथ मारती का?" माझं लग्न ठरताना ते असेच साताऱ्यात फिरले होते. माझी पदवी, नोकरी, कशानंच ते विरघळले नाहीत. आमचा गवळी मात्र म्हणाला, "पोरगं भांडं विसळून पुढं करतंय," आणि त्या एका वाक्यावर मला बायको मिळाली. भांडं आई विसळून ठेवायची, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. "तारीफ नगं, डोळ्यानं बगितलेलं सांगा," हा मामांचा एकमेव कायदा.

गेल्या वर्षी आमच्या केतकीनं एका लांबच्या विद्यापीठासाठी दुसऱ्यांदा अर्ज केला. मार्क चांगले, पण परक्या माणसांसमोर तिची वाचाच बसते. आदल्या वर्षीच्या मुलाखतीत ती स्वतःचं नाव सांगून परत आली होती. "यंदा नाही झालं तर नाद सोडते," असं तिनं जेवताना ताटाकडे बघत सांगितलं. अर्जाला शिक्षकांची दोन पत्रं लागत. शिवाय मुलीला ओळखणाऱ्या कुणाचंही एक जादा पत्र चालणार होतं. मी तीन ओळखी खर्ची घालून एका साखर कारखान्याच्या संचालकांचं पत्र मिळवलं आणि ऐटीत मामांना फोन केला. ते नुसते "बरं" म्हणाले.

चौथ्या दिवशी मामा दारात. दोन दिवस साताऱ्यातच पलटणीतल्या दोस्ताकडे उतरले होते. ही रागावली, तर म्हणाले, "तपास चालू असताना घरचा च्या घेत न्हाईत, बाय." पिशवीतून नऊ पत्रं निघाली. मी संचालकांचं पत्र पुढे केलं. त्यात केतकी 'सर्वगुणसंपन्न' आणि 'होतकरू' होती. मामांनी ते दोनदा वाचलं.

"पाव्हणं, ह्यांनी पोरीला बगितलीय का?"

"फोटो दाखवला होता."

मामांनी पत्राची घडी घालून ते अदबीनं माझ्या हातात परत दिलं. एवढा अपमान माझा ओरडूनही कुणी केलेला नाही.

मग त्यांची पत्रं वाचली. वाचनालयाच्या शिपायानं लिहिलं होतं, की ही मुलगी इतरांनी दुमडलेले पानांचे कोपरे सरळ करून पुस्तक परत देते. एसटीच्या कंडक्टरनं लिहिलं होतं, की उलटी करणाऱ्या अनोळखी पोराला हिनं स्वतःची ओढणी दिली, खिडकीची जागाही दिली आणि पुढे तासभर उभी राहिली. एकेक कागद वाचताना मला वाटत होतं, ही कोण मुलगी, आणि ती आमच्याकडे कशी राहते?

"पण मामा, एकच पाठवता येतं," मी म्हणालो. "आणि तिथं मोठी माणसं बसलेली असणार."

"मोठीच असतील तर त्यास्नी कळंल. पोरीला निवडू द्या."

केतकीनं पिठाच्या गिरणीवाल्या काकूंचं पत्र उचललं. त्यात तीनच ओळी होत्या: 'ओळीत म्हातारं माणूस आलं की ही आपला डबा मागं सरकवती. बोलत न्हाई. एकदा तिचा डबा सांजच्यापातूर मागंच हुता.'

मुलाखतीत त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "डबा मागं का सरकवतेस?" आणि आमची मुकी मुलगी त्या गिरणीबद्दल, तिथे येणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल, त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांबद्दल पाऊण तास बोलली. प्रवेश मिळाला.

तिला पोहोचवून आलो, तेव्हा मामा घरीच होते. पाणी पिऊन झाल्यावर हळूच म्हणाले, "पाव्हणं, आता तुमचं पत्र द्या."

"प्रवेश झाला की, मामा."

"कालेजाला न्हाई. मलाच पायजे."

त्या गोष्टीला पाच महिने होतील. मी चारदा लिहायला बसलो. 'हुशार' लिहिलं, खोडलं. 'गुणी' लिहिलं, तेही खोडलं. अठरा वर्षं ती माझ्यासमोर जेवली, आणि मला आठवतं ते तिचं प्रगतिपुस्तक. दर रविवारी मामांचा फोन येतो. ऊसपाण्याच्या गप्पा झाल्या की ते जरा थांबतात, आणि मी म्हणतो, "अजून नाही जमलं."

मामा रागावत नाहीत. "असू द्या," म्हणतात. "दिवाळीला यील की ती. दोन दिस रजा काडा आन् नुसतं बसा तिच्याजवळ."

मी रजेचा अर्ज टाकला आहे.