थोरलीचा दाखला

टेबलावर दोन दाखले पडले आहेत आणि एवढ्या उकाड्यातही मला पंखा लावायचा धीर होत नाही. कागद उडून एकावर एक पडले, तर कोणता कुणाचा हे पुन्हा बघावं लागेल. दोन्हींवर बाईचं नाव तेच, नवऱ्याचं तेच, आडनाव तेच, पेठसुद्धा तीच. मृत्यूच्या तारखा तेवढ्या निराळ्या. खाली कोथरूडची संध्याकाळ होऊ घातली आहे, क्लासला निघालेल्या पोरांच्या स्कूटरी सुरू होताहेत, कुणाच्या तरी फोडणीत कढीपत्ता पडला आहे. आणि मी सत्तरी ओलांडलेली बाई, आपली आई नेमकी मेली तरी कधी, याचा विचार करत बसले आहे.

निमित्त लेकीचं. तिला वंशावळ करायचं खूळ लागलं. खूळ म्हणजे तरी किती! "ऐकीव काही नको हं आई, दाखला असेल तरच नाव घालणार," असा हुकूम. तेव्हा मी महापालिकेच्या कार्यालयात गेले आणि आईचा मृत्यूचा दाखला मागितला. खिडकीतल्या बाईंनी नाव शोधलं, पडद्याकडे पाहिलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे. "कोणता देऊ? दोन आहेत."

"अहो, चुकून दोनदा नोंद झाली असेल."

"मधे चाळीसेक वर्षं आहेत, आजी. इतकी मोठी चूक आम्हीसुद्धा करत नाही."

रांगेतलं कुणीतरी हसलं. मीही हसले. म्हटलं, द्या दोन्ही. नवा दाखला ओळखीचा होता. त्या दिवशी तिचं डोकं माझ्याच मांडीवर होतं. जुना तिथेच उभ्यानं वाचला. तारीख माझ्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशीची होती, आणि वर्ष माझ्या जन्माचं.

मग घरी येईपर्यंत एकेक गोष्ट उठून चालत यायला लागली. माझी आई मोठी फटकळ. कौतुक करायचं तर तेही रागावल्यासारखं. तिच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी नखाएवढा एक चांदीचा टाक असे, त्यावर बाईची पुसट आकृती. लहानपणी तिच्या कुशीत झोपताना मी तो मुठीत धरून झोपायची. ही कोण, विचारलं तर म्हणायची, "थोरली." मला वाटे, कुठलीशी देवी असेल. नवं लुगडं आलं की त्याची घडी आधी त्या टाकाला लावायची, हळदकुंकू व्हायचं, आणि मगच ती ते नेसायची. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला, नवऱ्याआधी गेलेलीच्या नावानं, एक सवाष्ण जेवायला यायची, तिची ओटी आई स्वतः भरायची. माझ्या वाढदिवसाला शिरा व्हायचाच. दुसऱ्या दिवशी मात्र ती अन्नाला शिवत नसे. "काल गोड अंमळ जास्तच झालं," म्हणायची. सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललेलं, उघड्यावर. सवतीचा टाक म्हणजे मेलेल्या पहिल्या बायकोची प्रतिमा दुसरीनं गळ्यात बाळगायची, हे पुढे मला कळलंही होतं, पण ते दुसऱ्यांच्या घरातलं. आपल्या आईकडे कोण असं बघतं?

धायरीला माझी आत्या आहे. नव्वदी गाठलेली, कानांनी थोडी अधू, जिभेनं शाबूत. तिच्यासमोर दोन्ही कागद ठेवले. तिनं ते हातानं बाजूला सारले.

"कळलं का शेवटी? बरं झालं बाई, माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. अगं, तिनंच शपथ घातली होती आम्हा सगळ्यांना. पोरीच्या कानावर 'सावत्र' हा शब्द पडला तर विहीर जवळ करीन, म्हणाली. आणि केलं असतं तिनं!"

"पण नाव तेच कसं?"

"तुझ्या आजीनं ठेवलं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं थोरलीचंच नाव लिहायला लावलं. म्हणजे गेलेलीला वाटावं, आपणच नांदतोय. मग ती घरात फिरायची नाही, पोरीला न्यायला यायची नाही. ही घाबरली होती गं पहिली पहिली. हाक मारली की दचकायची, मागे वळून बघायची, आणखी कुणी ओ देतंय का म्हणून."

मी रडले. कुणासाठी, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

लेक मात्र पक्की. "दोघींनाही घालू या," म्हणाली. "थोरल्या आजीचं सगळं जमलं. आपल्या आजीचा जन्माचा दाखला तेवढा काढ." आत्याला पुन्हा विचारलं. मांजरी गावाकडची, आईबाप नव्हते, मामानं उजवली आणि तोही मागे गेला, एवढंच तिला ठाऊक. माहेरचं नाव? आत्यानं डोळे मिटले, खूप वेळ ओठ हलवले, आणि मान हलवली. आईनं ते कधी उच्चारलं नाही. तिला उच्चारू दिलंच नव्हतं.

तरी मी मांजरीला गेले. उसाच्या जागी इमारती उभ्या आहेत, मधेच एखादा हिरवा तुकडा. कचेरीतल्या माणसानं मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. "मावशी, नाव सांगा की. नावाबिगर कसं हुडकायचं?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. इतके दिवस थोरलीच्या सावलीनं मला झोप नव्हती. पण थोरलीला सारं मिळालं होतं. लुगडं, ओटी, उपास, आठवण करणारी सवत, आता दाखलासुद्धा. इथे याच मातीत एक मुलगी खेळली असेल, दिवेलागणीला तिला कुणी घरी बोलावलं असेल. ती हाक ऐकलेलं माणूस आता जगात उरलेलं नाही. तिनं मला वाढवलं, आणि मला तिला शोधताही येत नाही.