बोटं मोजणाऱ्या मॅडम

ज्या दवाखान्यात लोक कुजबुजतच बोलतात, तिथे किस्से जरा जास्तच साठतात. बाहेर सांगायची सोय नसते ना! पेशंटची नावं गाळून आज थोडे सांगतो.

जबलपुरात घमापुरच्या बाजाराजवळ आमच्या कुमुद मॅडमचा दवाखाना. मूल होत नाही म्हणून लोक त्यांच्याकडे येत. मी त्यांचा ज्युनिअर डॉक्टर. आईच्या पोटात बाळाला पुरुषी हार्मोन किती मिळालं, याची खूण बोटांवर राहते असं मॅडमच्या वाचनात आलं होतं. जास्त मिळालं, तर अंगठीचं बोट तर्जनीपेक्षा लांब. या खुणेचा मोठेपणी शुक्राणूंशी काही संबंध लागतो का, हे त्यांना पाहायचं होतं. म्हणून परवानगी घेऊन आम्ही पुरुषांची बोटं मोजायचो.

*

बातमी पसरायला वेळ लागला नाही. जवळच्या पाटन गावचे एक धान्याचे व्यापारी आले आणि बसायच्या आधीच तळहात पुढे केला. "मॅडम, हाथ देखके बता दीजिए, औलाद का योग है कि नहीं."

मॅडमनी सॅम्पलची डबी त्या तळहातावर ठेवली. "हाथ देखनेवाले ग्वारीघाट पे बैठते हैं, भैया. यहाँ ये लगता है."

*

एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. सून मान खाली घालून बसलेली. "माझ्या मुलाला तपासायची गरजच नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्याचं अंगठीचं बोट केवढं लांब आहे. दोष हिच्यातच आहे."

मॅडम म्हणाल्या, "काकू, ते बोट तुमच्या पोटात घडलं. त्यावरून सुनेचा निकाल कसा लावता?"

सासूबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे मुलात काही निघालं, तर ते माझ्यामुळे?"

मॅडम खुर्चीतून उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. "कोणामुळेच नाही. तुम्ही जिवापाड सांभाळलं, तेवढंच तुमच्या हातात होतं. आता त्याला पाठवा."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच मुलाला घेऊन आल्या. सुनेला घरी आराम करायला सांगितलं होतं म्हणे.

*

दुसरं एक माप जरा अवघड जागेचं होतं. अंडकोशापासून गुदद्वारापर्यंतचं अंतर. तेही आईच्या पोटातल्या हार्मोनचीच खूण मानतात. माप मी घ्यायचो, पण समजावून सांगायच्या मॅडम, जराही न अडखळता. रेल्वेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "पण काहून?"

"शिंपी मांडीचं माप घेतो, तेव्हा विचारता का काहून?"

"शिंपी पँट शिवतो, मॅडम. तुम्ही काय शिवून राहिल्या?"

मॅडमना इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. गृहस्थही खुलले. म्हणाले, "चलो, घ्या माप."

*

दीक्षितपुऱ्यातला एक तरुण मास्तर उजवा हात खिशातून बाहेरच काढेना. त्याची तर्जनी लांब होती आणि मोबाइलवर त्याने नको ते सगळं वाचलं होतं. ठरलेलं लग्न मोडायला निघाला होता.

मॅडमनी विचारलं, "मास्तर, वर्गात उंच मुलं बहुतेक मागे बसतात. मग मागे बसलेला प्रत्येक मुलगा उंच असतो का?"

तो विचार करून म्हणाला, "नाही. काही नुसते मस्तीखोर असतात."

"मग आधी तपासू या ना."

रिपोर्ट नॉर्मल आला. मास्तर तो हातात धरून लहान मुलासारखा रडला. मॅडम त्याच्या लग्नाला गेल्या आणि पोटभर जेवून आल्या.

*

शेवटी सगळी मापं रिपोर्टांशी ताडून पाहिली. भरवशाचा मेळ काही लागेना. इतक्या वर्षांची मेहनत, म्हणून मी सुचवलं, "मॅडम, थोडं गोलमाल लिहू या."

"काहून? नाही निघालं, तर नाही निघालं म्हणायचं."

डॉक्टरांच्या सभेत त्यांनी उभं राहून अगदी तेच सांगितलं. मग पुढच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारलं, "इतकी वर्षं बोटं मोजून राहिल्या तुम्ही. हाती काय लागलं?"

मॅडम कागद आवरता आवरता म्हणाल्या, "नवरे. आधी बायका एकट्याच यायच्या."