सुटलेलं गंगावन

मुंबईची बोट मालवणच्या बंदराबाहेर उभी होती आणि आम्हांला तिच्यापर्यंत नेणारा पडाव भरत आला होता. बाबा माझी वळकटी धरून किनाऱ्यावर उभे. आमच्या दशावतारी कंपनीत ते राजा. मी आठ वर्षं द्रौपदी, सीता, तारामती. जाऊ नको असं ते म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू गेलंस तर द्रौपदी कोण होतलो?" मी त्यांच्या हातातून वळकटी घेतली आणि पडावात चढलो.

खरं कारण आपल्या आचरे गावच्या तुम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. साडी नेसून नाचणाऱ्याला आम्ही मुलगी देत नाही, असा मसुऱ्याच्या स्थळाने निरोप पाठवला होता. तो मला फार लागला. मुंबईत हे कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरवून मी फोर्टातल्या एका हॉटेलात वेटर झालो. गावी शेती करायचो, असं सांगितलं.

पण खोड जाते कुठे? रस्त्यात डोंबाऱ्याचा खेळ लागला की लोक दोरीवरच्या पोरीकडे बघत, मी खाली ढोलकं वाजवणाऱ्या तिच्या आईकडे. पोरीचा पाय डळमळणार हे आईचा ताल आधी सांगे. हॉटेलात रविवारी दुपारी कॅबरे असे. बाकीचे वेटर नको तिथे बघत; मी मात्र ती बाई काजळ कसं ओढते, गिरकी घेताना तोल कुठे सावरते ते बघे. मनातून दादही देई. तुम्ही हसाल, हसा.

एका रविवारी नाचता नाचता तिचं गंगावन सुटू लागलं. खोटे केस ते, कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या आलं, कारण भर सभेत माझंही एकदा सुटलं होतं, आणि तेव्हा आमच्या भीमाने उगाच गदा पाडून लोकांची नजर आपल्याकडे ओढली होती. मी विचार केलाच नाही. कपबशांच्या ट्रेसकट हॉलच्या मधोमध सपशेल आडवा झालो. हशा पिकला. तेवढ्यात तिने केस सावरून घेतले.

मॅनेजरने मला मोरीवर भांडी घासायला बसवलं. नाच संपल्यावर ती तिथे आली. गोव्याची निघाली. वेटर कान टवकारून उभे असताना तिने कोकणीत विचारलं, मुद्दाम पडलास ना, तुला कसं कळलं? पाय घसरला म्हणालो असतो तर निभावलं असतं. पण विचारणारी आपल्यातलीच होती. तिच्याशी खोटं बोलायची लाज वाटली.

"माका नाय कळतला तर कोणाक? आठ वर्सां मी द्रौपदी होतंय."

वेटर खो-खो हसले. पुढे वर्षभर मला वहिनी म्हणत. ती हसली नाही. मग नीट लावून दे, म्हणाली, पिना माझ्या हातात दिल्या आणि पाठ करून स्टुलावर बसली.

तुम्ही पत्रातून विचारता, मुंबईत घर झालं का? खोली झाली, बायको आली, पोरं झाली. पण या शहरात घरी आल्यासारखं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या मोरीपाशी, हात पुसून, चारचौघांदेखत तिच्या केसांत पिना खोचताना.