कट्ट्याला लागलेली जीप

आमची जीप घरी आली तेव्हा तिला आंबलेल्या दुधाचा वास येत होता. नेसरीच्या एका दूधवाल्यानं ती पंधरा-सोळा वर्षं वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करायला वापरली होती. कॅन डचमळले की दूध सांडायचं, सांडलं की पत्र्याच्या सांध्यात मुरायचं, आणि त्या मुरलेल्या दुधानं मागचा तळ असा खाल्ला होता की बसल्या जागेवरून खालचा रस्ता दिसायचा. पहिल्याच दिवशी गल्लीतली तीन कुत्री येऊन तिच्याखाली जी बसली, ती उठायला तयार होईनात. नवऱ्यानं नाक धरून गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "गाडी घेतलीस की डेअरी?"

हायस्कुलात पंचवीस वर्षं विज्ञान शिकवून माझा घसा आणि संयम दोन्ही झिजलेत. राग माझ्या नाकावर असतो असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. पण त्या दिवशी मला राग येतच नव्हता. मी बॉनेट उघडून आत डोकं घातलं होतं आणि मला लहान मुलीसारखा आनंद झाला होता.

जीप मला आयुष्यभर हवी होती, पण घेतली ती अक्कासाठी. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, तिथं घरात अर्धं बोलणं कानडीत चालायचं. म्हणून ती अक्का आणि मी तंगी, धाकटी बहीण. माझी साठी जवळ आली तरी ती मला तंगीच म्हणते. तिला दिली आजऱ्याकडच्या एका गावात. गावामागच्या डोंगराच्या उतारावर तिनं आणि दाजींनी काजूची बाग लावली. पहिली दोन वर्षं तिनं डोक्यावरून घागरी नेऊन रोपं जगवली. दाजी गेल्यावरही बाग तिनं एकटीनं सांभाळली. कुठल्या झाडाला कधी मोहोर येतो आणि कुठलं झाड नुसतंच मिरवतं, हे तिला पाठ आहे.

मागच्या गणपतीत ती गोठ्यात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला. घरातल्या घरात ती फिरू लागली, पण बाग दोन किलोमीटर चढावर. वाट म्हणजे तांबड्या मातीतल्या खोल चाकोऱ्या, आणि मध्ये एक सरळ उभा कातळ, ज्याला गावात पायरी म्हणतात. ट्रॅक्टर तिथं चढतो, पण हादरे बसता कामा नयेत असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ट्रॉलीत गादी घालून बसवतो म्हणणाऱ्याला अक्कानं विचारलं, "मी काय ऊस हाय व्हय?"

मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. पुण्यातला मुलगा म्हणतोय, बाग खंडानं दे. म्हणजे वर्षाला ठरावीक पैसे घेऊन दुसऱ्याच्या हवाली कर, डोक्याचा ताप नको. अक्का म्हणाली, "तंगी, काजू धरल्यावर एकदा डोळ्यांनी बघायची हाय. न्हाय जमलं तर गुढीपाडव्याला देऊन टाकते. न बघता राखायची ती कसली बाग?" अक्काचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाणारा. त्या दिवशी तो मला फोन कानाला घट्ट लावून ऐकावा लागला.

"मी नेते तुला," मी म्हटलं.

"कशातनं?"

"बघच तू."

आणि दसऱ्याला दुधाचा वास मारणारी जीप दारात आली.

पुढचे सगळे रविवार मी दारातल्या पत्र्याच्या शेडखाली काढले. तळाला नवा पत्रा वेल्डिंगवाल्याकडून मारून घेतला, बाकीचं बहुतेक सगळं घरी केलं. सोड्यानं धुतलं, लिंबानं घासलं, कडुनिंबाचा पाला जाळला, तरी उन्हात गाडी तापली की ती दुधाची आठवण काढायचीच. ग्रीसगन हाताला बसली. कुठला बोल्ट डाव्या हातानं सुटतो आणि कुठल्याला शिव्या घालाव्या लागतात ते कळलं. माझ्या नखांतलं काळं बघून नववीतल्या मुली फळ्याऐवजी माझ्या बोटांकडं बघायच्या. मी तसल्याच बोटांनी खडू धरून अगदी ऐटीत शिकवायची.

ब्रेकमधली हवा काढायचं काम मात्र एकट्यानं होत नाही. एकानं आत बसून पेडल दाबायचं आणि धरून ठेवायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून बारीक नट सैल करायचा, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर आले की नट आवळायचा, आणि मगच पेडल सोडायचं. आधी सोडलं की हवा परत आत. नवरा आमच्याच शाळेत मराठी शिकवतो. त्याला वाटतं कुठलंही काम बोलता बोलता होतं.

"दाब. दाब. दाब. धर!"

"धरलं. मी काय म्हणतो, संध्याकाळी मिसळ..."

"सोडलंस! सोडलंस ना?"

"थोडंसंच सोडलं की."

असं चार चाकांना मिळून किती वेळा झालं ते देवाला माहीत. शेवटी शेजारच्या मावशींनी भिंतीवरून डोकं वर काढलं. "भांडताय व्हय ओ?"

"न्हाय मावशी," नवरा आतून म्हणाला, "ब्रेक दुरुस्त करालोय." मी चाकाशी बसल्या बसल्या इतकी हसले की ब्रेकऑइलची बाटली लवंडली.

खरा प्रश्न त्या पायरीचा होता. दिवाळीत अक्काकडं गेले तेव्हा मी टेप घेऊन कातळ मोजून आले. जीपचं पोट त्याला घासणार हे नक्की होतं. म्हणजे गाडी उंच करायला हवी. आमच्या शहरातल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, एक वयस्कर फिटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. पाटे, म्हणजे जीपच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, हे त्यांचं राज्य. मी त्यांच्यापुढं वही उघडली. पाट्यात एक पट्टी जादा, वरचा लोंबता जोड लांब, टायर मोठे. कातळाची उंची, जीपच्या पोटाची उंची, फरक, सगळं तक्त्यात मांडलेलं.

मामांनी वही लांब धरून वाचली. मग म्हणाले, "ताई, हे समदं बराबर हाय. पर गाडीत बसणार कोण?"

"बसणारे बसतील मामा," मी फटकन म्हणाले, "तुम्ही पाटे काढून द्या."

मामांनी खांदे उडवले आणि पाटे काढून दिले. ते मी घरी बसवले. गाडी जॅकवरून खाली उतरली तेव्हा ती पहिलवानासारखी छाती काढून उभी होती. वरचा कापडी टप काढून टाकला. मागच्या भागात अक्कासाठी पुढं तोंड करून बसायची खुर्ची पक्की केली, तिच्यावर स्पंजच्या दोन गाद्या ठेवल्या. जोतिबाच्या डोंगरामागच्या कच्च्या वाटेवर चाचणी घेतली. मोठ्या टायरांत हवा थोडी कमी ठेवली की दगडावरून गाडी डुलत जायची, आदळायची नाही. मांडीवर पाण्याचा तांब्या धरून बसलेल्या नवऱ्याची विजार शेवटपर्यंत कोरडी राहिली. मी तक्त्यात तेही लिहिलं.

पाडव्याला दोन आठवडे होते तेव्हा एका रविवारी आम्ही पहाटेच निघालो. गडहिंग्लज मागं टाकून आजऱ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा उजाडलं होतं. मी मोठ्यानं गात होते. मला गाता येत नाही.

अक्का दारात तयार उभी होती. ठेवणीतली हिरवी साडी, अंबाड्यात अबोली, हातात वॉकर. शेजारणी जमलेल्या. मी गाडी अंगणात घेतली आणि उडी मारून खाली उतरले. उडी मारली, कारण उतरायला दुसरा मार्गच नव्हता. पाय जमिनीला लागले आणि त्याच क्षणी मला मामा आठवले.

अक्कानं गाडी खालपासून वरपर्यंत बघितली. मग माझ्याकडं बघितलं. "गाडी झ्याक हाय," ती म्हणाली. "शिडी बी आणलीस न्हवं?"

मी जगातली सगळी मापं घेतली होती. फक्त अक्काचा पाय किती उंच उचलतो, एवढं एक माप घेतलं नव्हतं. तिचा पाय वीतभर उचलायचा. गाडीची पायपट्टी माझ्या मांडीला लागत होती. हसू दाबणाऱ्या शेजारणी मला दिसत होत्या. दोघी पुढं झाल्या, "धरून उचलूया की."

"कुणी हात लावायचा न्हाय," अक्का म्हणाली. "मी पोतं न्हवं." मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "असू दे तंगी. चहा घे. एवढ्या लांबनं आलीस."

ते मऊ बोलणं मला सोसेना. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी बॉनेटच्या पुढं जाऊन उगाच काहीतरी बघत राहिले आणि डोळे पुसले. स्वतःचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता.

नवरा गाडीच्या मागं उभा होता. ऊन वर आलं होतं, पत्रा तापायला लागला होता. त्यानं नाक वर करून हुंगलं आणि विचारलं, "अगं, ह्या गाडीत दुधाचे कॅन कशावरनं चढवत होते?"

मी त्याच्याकडं बघतच राहिले. आमच्या भागात गावागावात दूध संस्था असते, आणि दूध संस्थेला कट्टा असतोच. कॅन जमिनीवरून उचलायला लागू नयेत म्हणून टेम्पोच्या तळाएवढा उंच कट्टा, आणि एका बाजूनं कॅन ढकलत न्यायला उतार. अक्काच्या गावातला कट्टा तिच्या घरापासून चार घरं सोडून होता. मी पळत जाऊन टेप लावला. जीप पूर्वीसारखी असती तर अक्काला हातभर खाली उतरावं लागलं असतं. उंच केलेल्या जीपचा तळ आणि कट्टा यांच्यात दोन बोटांचा फरक होता.

सकाळचं दूध अजून चालू होतं. माणसं बादल्या, किटल्या घेऊन रांगेत उभी होती. मी जीप उलटी घेत घेत कट्ट्याला लावली आणि मागचं फळकं पाडलं. अक्का वॉकर टेकत रस्त्यानं आली, उतारावरून हळूहळू वर चढली, आणि रांग बाजूला झाली. आत दुधाचं फॅट तपासायच्या मशीनपाशी बसलेल्या सेक्रेटरीनं मान बाहेर काढली.

"अक्का, फॅट किती लावू?"

"म्हशीचं लाव," अक्का म्हणाली, "गायीचं लावलंस तर बघ."

सगळी रांग हसली. त्या हसण्यातच ती कट्ट्यावरून जीपमध्ये चालत गेली, कुणाचाही हात न धरता, आणि खुर्चीवर टेकली. पदर सारखा केला. "चल की आता," ती म्हणाली, "का दूध घालून जायाचं हाय?"

वाटेनं मी गाडी चारही चाकांवर टाकून सगळ्यात खालच्या गिअरमध्ये घेतली. नवरा पुढं चालत दगड बाजूला करत होता. पायरी आली. पुढची चाकं कातळावर चढली, समोर नुसतं आभाळ दिसायला लागलं. मागं बघायचं धाडस होईना. "अक्का, दुखतंय का गं?"

"गप चालव. आताशी मजा याय लागलीया."

मागची चाकं चढली. पोट घासलं नाही. माझा जीव भांड्यात पडला आणि मी हॉर्न वाजवला, काही कारण नसताना, दोनदा.

बागेत शिरल्यावर काजूच्या बोंडांचा तो गोड, घशाला धरणारा वास आला आणि पहिल्यांदाच आमच्या गाडीचा वास लपला. तांबडी, पिवळी बोंडं लगडली होती. मी इंजिन बंद केलं आणि तेव्हा ध्यानात आलं की इथं कट्टा नाही. अक्काला उतरवणार कसं? मी तोंड उघडणार तेवढ्यात मागं पानांची सळसळ झाली.

अक्का बसल्या जागेवरून हात लांब करून फांदी धरत होती. तिच्या त्या उंच खुर्चीवरून फांद्या थेट तिच्या तोंडासमोर आल्या होत्या. तिनं एक बोंड धरलं, पिरगळलं, खालची काजूची बी नखानं दाबून बघितली. मग दुसरं. "पुढं घे," ती म्हणाली. मी गाडी झाडाजवळून झाडाजवळ हळूहळू नेत राहिले. ती प्रत्येक झाडाशी बोलत होती, कुणाला शाबासकी, कुणाला शिव्या. सगळ्यात वरच्या झाडापाशी तिनं मला थांबवलं. ते पहिलं लावलेलं झाड. ती बराच वेळ त्याच्या पानांत तोंड घालून बसली.

"लावलं तवा वाकून बघाय लागायचं," ती म्हणाली. "मग जलमभर मान वर करून बघितलं. असं तोंडाला तोंड लावून आजच बघालेय."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. नवरा दुसरीकडं बघत बोंड खात होता. त्याच्या सदऱ्यावर रस सांडला होता, त्याचा डाग कधीच जाणार नव्हता. मी नाक ओढत म्हटलं, "अक्का, मी चुकले. घरी गेल्यावर गाडी खाली उतरवते. तुला दारातूनच चढता येईल अशी करते."

"शानी हाईस," अक्का ओरडली. तिचा जुना आवाज, खालच्या गावापर्यंत जाणारा. "खाली करून मला काय बुंधं दावतीस? हाय तशी ऱ्हाऊ दे. आणि पोराला फोन लावून दे. बाग कुणाला द्यायची न्हाय म्हणून सांगते."

मी फोन लावून तिच्या हातात दिला. डोंगरावर रेंज नव्हती. अक्कानं फोन माझ्या हातात परत दिला आणि पुढच्या फांदीला हात घातला.