छातीपर्यंत येणारा हात

माझी पाठ सरळ झाली तेव्हा लालबागच्या आमच्या चाळीत पेढे वाटले. वाटायचे तर वाटा! पण एवढ्या बायका बघायला येऊन गेल्या, एकीने तरी विचारावं ना, बाय, तुला जेवता येतं का गं?

माझे स्नायू जन्मापासून कमजोर. चालले कधीच नाही, व्हीलचेअरवरच वाढले. स्नायू कण्याला धरून ठेवीनात, म्हणून कणा वाकत गेला. पंधराव्या वर्षी मी डाव्या अंगाला इतकी कलले होते की बरगड्या कमरेच्या हाडाला टेकायच्या, तासभर बसलं की धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, पाठीत दोन सळ्या घालून मणके एकमेकांना जोडून टाकू, नाहीतर फुप्फुसं दबत जातील. ते खरंच होतं. ऑपरेशन नको होतं असं मी आजही म्हणत नाही.

राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. मला हात छातीच्या वर नेता यायचा नाही. मग मी तोंडच हाताकडे न्यायची. ताट एका डब्यावर ठेवायचं, कोपर मांडीवर टेकवायचं, कमरेतून पुढे वाकायचं, की घास तोंडात. बांगड्याचे काटेसुद्धा माझे मी काढायची. आंघोळ, कपडे, झोपेत कूस बदलणं, सगळं आईच्या हातात होतं. जेवण तेवढं माझं. पण पाहुणे आले की आई मला ताटासकट आतल्या खोलीत न्यायची. म्हणायची, "चारचौघांत असं ताटात तोंड घालून जेवलेलं बरं दिसत नाही."

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर फॉर्म भरत होते. त्यांनी विचारलं, "स्वतःच्या हाताने जेवते का?" पप्पा छाती फुगवून म्हणाले, "हो तर! सगळं स्वतः." आई गप्प. मीपण गप्प, मलाही लपवायला शिकवलं होतंच ना. डॉक्टरांनी पेनाने खूण केली आणि पान उलटलं. कशी जेवतेस, दाखव बघू, एवढं म्हणायला काय जीव जात होता?

घरी आल्यावर पहिल्या दिवशी आईने वरणभात केला. मी ताठ बसले होते. मान हलत होती, पण सळ्यांमुळे कंबर वाकत नव्हती. हात नेहमीसारखा छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. तोंड राहिलं वर. मी पुन्हा केलं, परत केलं, भात सगळा मांडीवर सांडला. आणि शेजारच्या काकू दारात उभ्या राहून म्हणतात कशा, "अगो बाय, काय झ्याक बसलीय! फोटो काढा कोणीतरी!"

"डोंबलाचा फोटो!" मी ओरडले. आईने मला दटावलं आणि घाईघाईत घास भरवला. केवढा मोठा! माझा जबडाही कमजोर, तो घास चावता चावता डोळ्यांतून पाणी आलं. काकूंना वाटलं, पोरीला आनंदाने भरून आलं.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो. डॉक्टर माझा एक्स-रे विद्यार्थ्यांना दाखवत होते, "बघा, कणा किती सुरेख सरळ आलाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आईला म्हणाले, "डबा काढ."

"इथे?"

"इथेच."

सगळ्यांच्या देखत मी पोळीचा तुकडा उचलला. हात छातीशी थांबला. मी तसाच धरून ठेवला. म्हटलं, "हे दिसतं का तुमच्या एक्स-रेत?"

डॉक्टर हळूच म्हणाले, "हे आधी कळायला हवं होतं. टेबलाची उंची, हाताला आधार, सगळी तयारी करून ठेवता आली असती. आता जोडलेले मणके काही सुटायचे नाहीत."

"मग बघायचं होतंत ना आधी!" मी म्हणाले. अजून खूप सुनावणार होते, तेवढ्यात आई बोलली.

"ती वाकून जेवायची, डॉक्टर. मीच सांगितलं नाही. मला लाज वाटली."

पप्पांनी डब्याचं झाकण लावलं. सगळा राग घेऊन आले होते मी तिथे, आता तो कोणावर काढू?

आज मी सव्वीस वर्षांची आहे. श्वास चांगला चालतो, दिवसभर बसून काम करते. उंच टेबलावर कोपर टेकवून, लांब दांड्याच्या चमच्याने निम्मं ताट माझं मी जेवते. मग हात थकतो. उरलेलं आई भरवते, काटे काढून, छोटे छोटे घास करून. आता पाहुण्यांसमोरही भरवते, माझ्या वाकून जेवण्याची वाटायची, तशी याची तिला लाज वाटत नाही. तेच बघून मला जास्त चीड येते. तिला मी अजून माफ केलेलं नाही. ती म्हणते, "आ कर," आणि मी तोंड उघडते.