नणंदेचे अंगठे

माझी नणंद सोफ्यांना कापड ठोकायचं काम करते. दातांत खिळे धरूनच बोलते, म्हणून गिऱ्हाइकं तिच्याशी हुज्जत घालत नाहीत. नणंद म्हणजे भावजयीची वैरीण असं कोण म्हणतं? आणा त्याला माझ्यासमोर!

माझी लेक जन्मली तीच पांढरीफटक. दर महिन्याला रक्त चढवावं लागायचं. सासूबाईंनी निकाल लावून टाकला, "हिच्या माहेरचं रक्तच पातळ." नवरा ताटात मान घालून जेवायचा. शेवटी ठरलं, मी पोरीला घेऊन माहेरी जायचं, ते कायमचं.

त्या महिन्यात दवाखान्यात पोरीला धरायला नणंद आली. सुई लावताना डॉक्टरीणबाईंचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. अंगठ्याला दोन पेरं असतात, हिच्या दोन्ही अंगठ्यांना तीन. शाळेत पोरं चिडवायची तिला. बाईंनी तिची आणि माझ्या नवऱ्याची तपासणी करून घेतली.

मग आम्हाला बसवून सांगितलं, "पेशींमध्ये प्रथिनं बनवणारी बारीक यंत्रं असतात, रायबोसोम. त्यांचा एक भाग घडवणारं जनुक या बहीणभावांत बिघडलेलं आहे. वडिलांना काही त्रास नाही, आत्याचे नुसते अंगठे. तेच मुलीत उतरलंय, तिला मात्र त्याने रक्त कमी पडतं."

घरी सासूबाई म्हणाल्या, "कुठे बोलू नका. माझ्या लेकीचं लग्न ठरलंय. हात दाखवून अवलक्षण कशाला? सूनबाई तशीही जाणारच आहे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण नणंदच कडाडली, "वा गं आई! चोर सोडून संन्याशाला फाशी?"

तिने तिथेच होणाऱ्या सासूला फोन लावला. "काकू, माझ्यात एक जनुक बिघडलेलं निघालंय. माझ्या मुलांना रक्ताचा आजार होऊ शकतो. आजच कळलं, आजच सांगतेय." तिकडून 'विचार करून कळवतो' आलं. पुढे काहीच कळवलं नाही.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "आता तुला कोण करून घेणार गं?"

"ते माझं मी बघेन. तू आधी वहिनीची माफी माग."

"जाऊ दे ना, ताई," नवरा पुटपुटला.

"तू तर गपच बस!"

सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "चुकलं माझं."

मी पोरीला कडेवर घेतलं आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "भिंतीला नका सांगू. माझ्याकडे बघून म्हणा."